मिशनरीचं खरं काम आणि जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारच्या लोकांकडून येतात : सेवेला जायचा विचार करणारे तरुण, त्यांना पाठवणाऱ्या मंडळ्यांतले (म्हणजे स्थानिक चर्चमधले) वडीलधारे, आणि ख्रिस्ती नसलेले पण मिशनरी नेमकं करतात तरी काय असं सरळ विचारणारे वाचक. तिघांनाही एकच उत्तर मिळायला हवं, म्हणून सगळं एका ठिकाणी ठेवलं आहे. लिहिणारा विश्वासणारा आहे आणि मिशनकार्य व्हावं असं त्याला मनापासून वाटतं. जिथे मिशनरी चुकले, तिथे चुकले असंच लिहिलं आहे.

१. मिशनरी म्हणजे नेमका कोण? फादर, पास्टर आणि मिशनरी यांत फरक काय?

एखाद्या मंडळीने किंवा संघाने सुवार्ता (म्हणजे येशूचा शुभ संदेश) सांगण्यासाठी आणि सेवेसाठी आपल्या वर्तुळाबाहेर पाठवलेला माणूस म्हणजे मिशनरी. पास्टर किंवा धर्मग्रामातला फादर आधीपासून असलेल्या मंडळीची काळजी वाहतो. मिशनरी जातो तिथे मंडळी नसते, किंवा नुकतीच उभी राहत असते.

यातला ‘पाठवलेला’ हा भाग लोक विसरतात. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास-प्रार्थना करून बर्णबा आणि पौल यांना रवाना करते. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी ते दोघे परत येऊन त्याच मंडळीसमोर सगळा वृत्तांत मांडतात. स्वतःच स्वतःला पाठवणारा आणि कुणालाही उत्तर न देणारा माणूस कितीही तळमळीचा असला, तरी त्याच्या बाबतीत मंडळीने सावध राहावं.

दीक्षित धर्मगुरू असणं मात्र गरजेचं नाही. १७३२ साली कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांमध्ये काम करायला निघालेले मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचे पहिले मिशनरी म्हणजे एक कुंभार आणि एक सुतार होते.

२. मिशनरी म्हणजे गोरा परदेशीच ना?

नाही. सॅम्युअल अजायी क्राउथर हे आफ्रिकेतल्या योरुबा समाजाचे होते (त्यांची हकीकत प्रश्न १५ मध्ये). तिरुनेलवेलीच्या भारतीय ख्रिस्ती लोकांनी १९०३ मध्ये स्वतःची इंडियन मिशनरी सोसायटी काढली, ती स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या माणसांनी चालवली. आज अनेक देश एकाच वेळी मिशनरी पाठवतातही आणि स्वीकारतातही.

३. मुख्य काम कोणतं : सुवार्ता सांगणं की समाजसेवा?

दोन्ही. आणि एक दुसऱ्याचं साधन म्हणून नाही. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे जगभरच्या इव्हँजेलिकल (सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळींनी जो करार मान्य केला, त्यात सुवार्ताप्रसार आणि सामाजिक कार्य हे दोन्ही ख्रिस्ती कर्तव्याचे भाग आहेत असं स्पष्ट म्हटलं आहे.

आयडा स्कडर यांचं उदाहरण घ्या. मिशनरी घराण्यात जन्मूनही त्यांना मिशनरी व्हायचं नव्हतं. तमिळ मुलखात वडिलांकडे राहत असताना एकाच रात्री तीन बाळंतिणींसाठी बोलावणं आलं. घरच्यांना पुरुष डॉक्टर चालणार नव्हता, बाई डॉक्टर जवळपास नव्हती, आणि तिघीही गेल्या. आयडा अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि १९०० साली वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना सुरू केला. त्याचंच पुढे मोठं रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय झालं. त्या दवाखान्यात प्रार्थना होत असे आणि शस्त्रक्रियाही. शस्त्रक्रिया हे प्रार्थनेला लोक जमवण्याचं निमित्त असतं, तर ते रुग्णालय इतकं चांगलं कधीच झालं नसतं. कामाचा दर्जा हीच इथे प्रामाणिकपणाची खूण आहे. निमित्तापुरती चालवलेली शाळा किंवा दवाखाना आत पाऊल टाकताच ओळखू येतो.

४. लोकांचं धर्मांतर करणं हेच मिशनरीचं काम नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

येशूने शिष्यांना सांगितलं की जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. त्यामुळे ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा अशी मिशनरीची इच्छा असतेच, आणि ती लपवायचं काही कारण नाही. ‘आम्ही फक्त समाजसेवा करतो’ असं सांगत फिरणारा मिशनरी मला पटत नाही. तो समोरच्याला अर्धंच सांगत असतो. पण इच्छा असणं वेगळं आणि निकाल आपल्या हातात घेणं वेगळं. साक्ष देणं मिशनरीचं, निर्णय ऐकणाऱ्याचा आणि मन बदलणं देवाचं. ही वाटणी मोडली की पुढचं सगळं बिघडतं.

ती फार लवकर मोडली गेली. आठव्या शतकात युरोपातल्या फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने सॅक्सन लोकांवर तलवारीच्या जोरावर बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, लादला. बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला देहदंड, असा कायदाच केला. त्याच्याच दरबारातल्या अल्क्विन या विद्वानाने तेव्हाच पत्रं लिहून विरोध केला : माणसाला बाप्तिस्म्यापर्यंत ओढत नेता येतं, विश्वासापर्यंत नाही.

आज मोठ्या ख्रिस्ती संघटनांची भूमिका अल्क्विनच्या बाजूची आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्यात कुणावरही विश्वासाची सक्ती होता कामा नये असं म्हटलं आहे. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून आचारसूचना प्रसिद्ध केल्या. लोकांच्या गरिबीचा आणि गरजेचा गैरफायदा घेणं, फसवणूक आणि जबरदस्ती ही ख्रिस्ती साक्ष होऊच शकत नाही, असं त्यांनी एकमुखाने सांगितलं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं अठरावं कलम माणसाला धर्म पाळण्याचा जसा हक्क देतं, तसा बदलण्याचाही देतं. गरीब किंवा अशिक्षित माणसाने धर्म बदलला म्हणजे त्याला कुणीतरी फसवलंच असणार, असं गृहीत धरणं हा त्या माणसाच्या बुद्धीचा अपमान आहे.

५. मदत आणि प्रचार एकाच ठिकाणी चालत असेल तर ते आमिष नाही का?

होऊ शकतं. म्हणूनच मिशनरीने इथे स्वतःला सगळ्यात कडक नियम लावायला हवेत.

मला यात लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातली गोष्ट मोजमापासारखी वाटते. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं. आभार मानायला एकच परत आला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे तेव्हाच्या यहुद्यांच्या नजरेत परका. येशूने उरलेल्या नऊ जणांची चौकशी जरूर केली, पण त्यांचा रोग काही परत आला नाही. मदत अशी असायला हवी : न परतणाऱ्या नऊ जणांसाठीही पूर्ण.

व्यवहारात हे तपासता येतं. मदतीची यादी कोण करतं आणि कशावरून करतं? यादी करणाऱ्याला कोण प्रार्थनेला येतं हे माहीत असेल, तर यादी दुसऱ्याकडे द्यावी. औषधाच्या रांगेत उभं राहायला आधी प्रवचन ऐकावं लागतं का? लागत असेल तर ते आजच बंद करावं. प्रार्थनेला येणं थांबवलेल्या घरातल्या मुलाची शिष्यवृत्ती चालू राहते का? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सगळ्यात बोलका आहे.

भूकंप, पूर, युद्ध अशा वेळी नियम आणखी कडक हवेत. रेड क्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी १९९४ मध्ये तयार केलेल्या आचारसंहितेनुसार मदत हे कोणत्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेला पुढे रेटण्याचं साधन करायचं नाही. अनेक ख्रिस्ती संस्थांनी ती स्वीकारली आहे. ज्याचं घर कालच पडलं आहे, त्याच्याकडून आज आयुष्याचा निर्णय मागू नये. त्याने स्वतःहून ‘तुम्ही हे का करता?’ असं विचारलं, तर खरं उत्तर द्यावं.

६. मिशनरीचा खर्च कोण करतं? हिशेब मागितला तर चालतं का?

खर्च पाठवणारी मंडळी करते, संस्था करते, देणगीदार करतात किंवा मिशनरी स्वतः कमावतो. पौल करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याचा धंदा करत असे, आणि फिलिप्पैच्या मंडळीची मदतही त्याने घेतली.

हिशेब मागितलाच पाहिजे. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम पौल एकटा घेऊन गेला नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, आणि कारणही लिहून ठेवलं : एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये (२ करिंथ ८). पाचव्या शतकात आयर्लंडमध्ये काम करणाऱ्या पॅट्रिकने स्वतःच लिहिलं आहे की स्त्रिया वेदीवर दागिने ठेवत, तेव्हा तो ते परत करत असे, आणि त्या त्याच्यावर रागावत. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं म्हणणाऱ्या मिशनरीला पौल आणि पॅट्रिक दोघांचं उदाहरण दाखवावं. देणगी वैयक्तिक खात्यात घेऊ नये, खर्च दोन माणसांच्या सहीने व्हावा, आणि हिशेब देणगीदारांइतकाच स्थानिक मंडळीलाही दाखवावा. हे शेवटचं फार कमी ठिकाणी होतं.

याच विषयात फोटोही येतात. उघड्यावागड्या, नाक वाहणाऱ्या मुलाचा फोटो छापून पैसे जमवणं मला असह्य होतं. त्या मुलाचे आईवडील तो फोटो घराच्या भिंतीवर लावतील का, एवढं स्वतःला विचारावं. उत्तर नाही असेल, तर तो फोटो पत्रकातही नको.

७. इतकी वर्षं काम करून किती लोक आले? आकड्यांवरून यश ठरवावं का?

नाही. रॉबर्ट मॉरिसन १८०७ मध्ये चीनला पोहोचले आणि पहिला बाप्तिस्मा १८१४ मध्ये झाला. अडोनिराम जडसन यांना ब्रह्मदेशात १८१३ ते १८१९ थांबावं लागलं. विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरले, आणि पहिला, कृष्ण पाल यांचा, बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरअखेर झाला. वार्षिक आकड्यांवर ठरवलं असतं, तर या तिघांनाही परत बोलावलं गेलं असतं.

आकड्यांची हाव काय करते ते कार्ल ग्युत्स्लाफ या जर्मन मिशनरीच्या हकिकतीत दिसतं. १८४० च्या दशकात त्याने हाँगकाँगहून चिनी प्रचारकांची मोठी फळी उभारली. ते पुस्तकं घेऊन आतल्या प्रांतांत जात आणि शेकडो बाप्तिस्म्यांच्या बातम्या घेऊन परतत. युरोपातले देणगीदार भारावून गेले. नंतर सहकाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की यातले अनेक जण प्रांतात गेलेच नव्हते. ते पुस्तकं छापखानेवाल्याला विकत, आणि तो तीच पुस्तकं पुन्हा ग्युत्स्लाफला विकत असे. ग्युत्स्लाफला मोठे आकडे हवे होते, म्हणून लोकांनी त्याला मोठे आकडे दिले. पाठवणाऱ्या मंडळींनो, अहवालात ‘किती’ विचारण्याआधी ‘कोण, कुठे, आज कसे आहेत’ हे विचारा.

८. भाषा शिकणं खरंच इतकं गरजेचं आहे का? दुभाषी चालत नाही का?

थोड्या दिवसांसाठी चालतो. राहायला जाणाऱ्याने शिकलीच पाहिजे, आणि पहिली दोन-तीन वर्षं मुख्य काम तेच समजावं. ९व्या शतकात सिरिल आणि मेथोडियस यांनी स्लाव्ह लोकांसाठी लिपीच तयार केली. जर्मन मिशनरी त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला आले आणि तमिळ नवा करार १७१५ पर्यंत छापून झाला होता. केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ चं. भाषा शिकताना मिशनरी विद्यार्थी असतो, चुकतो, लोक त्याला सुधारतात. शिकवायला आलेल्याला आधी शिकावं लागणं हे त्याच्या आत्म्यासाठी फार चांगलं असतं.

९. ख्रिस्ती झाल्यावर नाव, पोशाख, संगीत सगळं बदलावं लागतं का?

नाही. हा वाद पहिल्या पिढीतच झाला होता. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून आधी यहुदी व्हावं का, यावर यरुशलेमेत सभा बसली (प्रेषितांची कृत्ये १५) आणि निर्णय झाला की नाही, हे ओझं त्यांच्यावर टाकायचं नाही. १६५९ मध्ये कॅथलिक चर्चच्या रोममधल्या प्रचारमंडळाने आशियाला निघालेल्या मिशनऱ्यांना लेखी बजावलं की फ्रान्स, स्पेन किंवा इटली चीनमध्ये नेऊन बसवण्याइतकं हास्यास्पद काही नाही. विश्वास न्या, देश नेऊ नका.

तरी हे पाळलं गेलं असं नाही. इटालियन मिशनरी मातेओ रिची १६०१ मध्ये पेकिंगला पोहोचले, ते चिनी विद्वानांचा वेश करून, त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास करून. पूर्वजांना मान देण्याचे विधी ख्रिस्ती माणसाने करावेत का, यावर त्यांचा निर्णय उदार होता. नंतर वाद पेटला, १७४२ मध्ये पोपने ते विधी कायमचे निषिद्ध ठरवले, आणि १९३९ मध्ये बंदी सैल झाली. मधल्या जवळजवळ दोनशे वर्षांत चिनी ख्रिस्ती माणसाला आपल्याच घरात परकं व्हावं लागलं.

अपवाद एकच : जी प्रथा माणसाला माणसापासून हलकी ठरवते, ती ‘संस्कृती’ म्हणून मंडळीत आणू नये. जात पाहून वेगळे बसवणारं चर्च पौलाच्या पत्रांसमोर उभं राहू शकत नाही. हे ठरवण्याचं काम मात्र स्थानिक विश्वासणाऱ्यांचं आहे, बाहेरून आलेल्याचं नाही.

१०. मिशनरी हे वसाहतवाद्यांचे हस्तक होते, हे खरं ना?

काही होते. प्रश्न ७ मधला ग्युत्स्लाफ १८३२ मध्ये अफू विकणाऱ्या जहाजावर दुभाषी म्हणून गेला. जहाज अफू उतरवत होतं आणि तो धर्मपत्रकं वाटत होता. चिनी माणसाने या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या, यात त्याचा काय दोष?

पण त्याच परंपरेत दुसरी माणसंही आहेत. १५११ मध्ये कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटावर अंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन साधूने मूळ रहिवाशांना राबवणाऱ्या स्पॅनिश मालकांना तोंडावर विचारलं की ही माणसं नाहीत का? बार्तोलोमे दे लास कासास स्वतः अशा मालकांपैकीच होते. त्यांनी आपल्या वाट्याची माणसं सोडून दिली आणि उरलेलं आयुष्य तिथल्या मूळ रहिवाशांसाठी भांडण्यात घालवलं. आफ्रिकी गुलाम आणावेत अशी शिफारस त्यांनीच एकदा केली होती, आणि त्याबद्दल पुढे त्यांना तीव्र पश्चात्ताप झाला, हेही सांगायला हवं.

काँगोमध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या अमलात रबरासाठी लोकांचे हात तोडले जात होते. जगाला हे कळलं त्यात मिशनऱ्यांचा वाटा मोठा आहे. १८९९ मध्ये विल्यम शेपर्ड या आफ्रिकन-अमेरिकन मिशनरीने एका छावणीत शेकोटीवर धुरावलेले तोडलेले उजवे हात स्वतः मोजले. ८१ होते. पुढे रबर कंपनीने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, तो १९०९ मध्ये फेटाळला गेला. १९०४ मध्ये अॅलिस सीली हॅरिस यांनी काढलेला एक फोटो आहे : न्साला नावाचा बाप ओसरीच्या कडेला बसला आहे आणि समोर ठेवलेल्या आपल्या लहान मुलीच्या तुटलेल्या हाताकडे आणि पावलाकडे बघतो आहे. तो फोटो युरोप-अमेरिकेत सभांमधून दाखवला गेला.

म्हणून मी ‘मिशनरी सगळे चांगले’ किंवा ‘सगळे वाईट’ या वादात पडत नाही. सत्ता आणि तिथले लोक समोरासमोर आले तेव्हा तो माणूस कुणाच्या बाजूला उभा राहिला, हे बघावं.

११. मग झालेल्या चुकांची जबाबदारी आज कोणी घ्यायची?

त्या संस्थांच्या वारसांनी. कॅनडातल्या निवासी शाळांत मूळ रहिवाशांची मुलं घरापासून तोडली गेली, त्यांची भाषा बोलायला बंदी झाली, छळ झाला. शाळा सरकारी धोरणाच्या होत्या, चालवत होती चर्च. सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. अँग्लिकन चर्चने १९९३ मध्ये माफी मागितली होती. पोप फ्रान्सिस जुलै २०२२ मध्ये तिथे जाऊन माफी मागून आले. माफीबरोबर जुनी दप्तरं उघडणं, पीडितांचं ऐकणं आणि भरपाई हेही येतं. ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर पुरत नाही. त्याच काळात शेपर्डही होते.

१२. लहान मुलांना विश्वास सांगितला तर चालतो का?

आईवडिलांच्या माहितीने आणि संमतीने, हो. त्यांच्या पाठीमागे, कधीही नाही.

१८५८ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात एद्गार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या यहुदी मुलाला पोपच्या राज्याच्या शिपायांनी घरातून उचलून नेलं. कारण काय, तर तो तान्हा असताना आजारी पडला तेव्हा घरातल्या मोलकरणीने गुपचूप त्याचा बाप्तिस्मा केला होता. आईवडिलांना तो परत मिळाला नाही. २०१० च्या हैती भूकंपानंतर दहा अमेरिकन बाप्टिस्ट ३३ मुलांना सीमेपार नेताना पकडले गेले. त्यांनी मुलं अनाथ आहेत असं धरलं होतं, आणि अनेकांचे आईवडील जिवंत होते. हेतू चांगला होता असं दोन्हीकडे म्हटलं गेलं, पण मुलांच्या बाबतीत हेतू ही सबब होऊ शकत नाही. अनाथाश्रम काढण्याआधी त्याच पैशात मूल स्वतःच्या घरी राहू शकेल का, हे बघावं.

१३. डॉक्टर किंवा नर्स असलेल्या मिशनरीने रुग्णाशी देवाबद्दल बोलावं का?

रुग्णाने विचारलं तर थोडक्यात बोलावं. ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ असं विचारणं ठीक, पण ‘नको’ म्हणायला त्याला अवघड जाणार नाही अशा वेळी आणि अशा सुरात. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, सुरी ज्याच्या हातात असणार त्याला कुणी नाही म्हणत नाही. शुद्धीवर नसलेल्या किंवा मरणाच्या दारातल्या माणसाचा त्याच्या इच्छेविना बाप्तिस्मा करणं साफ चूक. बाकीचं प्रश्न ५ मध्ये आलं आहे.

१४. जिथे कायद्याने प्रचाराला मनाई आहे तिथे जावं का? आणि ज्या जमातींचा बाहेरच्या जगाशी संबंधच नाही, तिथे?

येशूचा शिष्य पेत्र याने यहुद्यांच्या न्यायसभेसमोर सांगितलं की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. पण तो उघडपणे बोलला आणि त्याची किंमत त्याने स्वतः मोजली. आजच्या गुप्त कामात बहुधा उलटं होतं : परदेशी माणसाला विमानात बसवून परत पाठवतात आणि तुरुंगात जातात स्थानिक विश्वासणारे. म्हणून धोका पत्करायचा का हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये. पौलासारखा खरा धंदा करत राहणं प्रामाणिक आहे. नावापुरती कंपनी काढून परवाना मिळवणं हे खोटं बोलणं आहे, आणि खोट्यावर उभी राहिलेली साक्ष मी साक्ष मानत नाही. याबाबत माझ्याशी असहमत असणारे अनुभवी सेवक आहेत, हे मान्य करतो.

दुसऱ्या भागाचं उत्तर माझ्या दृष्टीने स्पष्ट आहे : जाऊ नये. २०१८ मध्ये अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटावर एक तरुण अमेरिकन बंदी मोडून गेला आणि मारला गेला. त्याच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. पण ज्या लोकांत बाहेरच्या साध्या रोगांशी लढण्याची ताकद नाही, त्यांच्यात एक सर्दीही साथ आणू शकते. त्यांनी आपलं ‘नको’ बाण मारून सांगितलेलं आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करायला बेटावर उतरावं लागत नाही.

१५. मिशनरीने परत कधी यावं?

पहिल्या दिवसापासून त्याची तयारी करावी. इंग्लंडमधल्या चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतल्या मिशनसंस्थेचे रूफस अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच सांगितलं होतं की नवी मंडळी स्वतःचा कारभार स्वतः करणारी, स्वतःचा खर्च स्वतः भागवणारी आणि स्वतः सुवार्ता पसरवणारी व्हावी, आणि मिशनरीने पुढे सरकावं. पौल तर नव्या मंडळ्यांत वडील नेमून निघून जात असे.

हे सांगणं सोपं, करणं फार कठीण. सॅम्युअल क्राउथर लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले, ब्रिटिश नौदलाने जहाजावरून सोडवले, पुढे योरुबा बायबलचं काम केलं आणि १८६४ मध्ये पहिले आफ्रिकन अँग्लिकन बिशप झाले. व्हेन यांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. व्हेन गेल्यानंतर तरुण गोरे मिशनरी आले, त्यांनी वृद्ध क्राउथरच्या सहकाऱ्यांना काढून टाकलं आणि १८९० मध्ये त्यांनाही बाजूला सारलं. पुढच्या वर्षी ते वारले आणि त्यांच्या जागी युरोपियन बिशप नेमला गेला.

१९१० मध्ये एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरया हे तरुण भारतीय पाळक बोलायला उभे राहिले. मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल आभार मानून शेवटी ते म्हणाले : तुम्ही गरिबांना आपलं धन दिलंत, आपली शरीरं जाळायला दिलीत, आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. सभागृहातल्या अनेकांना ते झोंबलं. मिशनरीला निघायची वेळ झाली का हे ओळखायचं असेल, तर स्थानिक मंडळी त्याला परतून बोलू शकते का ते बघावं. बोलू लागली असेल तर किल्ल्या देऊन टाकाव्यात.

१६. मिशनरीच्या बायकामुलांचं काय? हाक तर त्याला आलेली असते.

केरी यांचं नाव आदराने घेताना डोरोथी केरी यांचंही घ्यावं. त्यांना भारतात यायचं नव्हतं. १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर आजारपणात गेला, डोरोथींचं मन कायमचं ढासळलं, आणि १८०७ मध्ये त्या वारल्या तोवर सावरलं नाही. शेजारच्या खोलीत केरी भाषांतर करत राहिले, असं चरित्रांत कौतुकाने लिहितात. मला त्यात कौतुक दिसत नाही. जोडीदार मनापासून ‘हो’ म्हणत नसेल, तर पाठवणाऱ्या मंडळीने थांबवावं. मुलांचं शिक्षण, आजारपण, वर्षाची सुट्टी आणि मनाच्या आजाराचे उपचार हे खर्चाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावेत.

१७. कुणी विश्वास ठेवला आणि घरच्यांनी बाहेर काढलं तर मिशनरीची जबाबदारी काय?

मोठी आहे, आणि ती बाप्तिस्म्याच्या आधी सुरू होते. प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या २०११ च्या सूचनांत म्हटलं आहे की धर्म बदलणं हा आयुष्याचा निर्णय आहे, त्यासाठी विचार करायला आणि तयारीला पुरेसा वेळ द्यावा. समजा, एखादा मुलगा उत्साहाने म्हणाला की उद्याच बाप्तिस्मा द्या. त्याला विचारावं : आईला सांगितलंस का? ती रडेल तेव्हा काय करशील? वारसा, लग्न, शेजार यांचं काय होईल, हे कोणी समजावलं का? घरच्यांचा अपमान होईल असं काही करू नकोस, घरच्या कामात आधीपेक्षा जास्त हात लाव, हेही सांगावं. शक्य असेल तिथे मिशनरीने स्वतः जाऊन आईवडिलांना भेटावं आणि त्यांचा राग ऐकून घ्यावा.

आणि तरीही घर तुटलं, तर त्याला ताट, छप्पर आणि माणसं देणं मंडळीचं काम आहे. हे आमिष होत नाही, कारण ते निर्णयानंतर आलेल्या संकटात दिलेलं असतं. पण आधीच ‘काळजी करू नकोस, आम्ही आहोत’ असं वचन देऊन निर्णय करवून घेऊ नये. तो पुढे मागे फिरला, तर त्याच्याशी मैत्री तोडू नये.

१८. दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांत मिशनरीने काम करावं का?

पौल म्हणतो की दुसऱ्याने घातलेल्या पायावर बांधायचं नाही असा माझा निश्चय आहे (रोम १५). शेजारच्या चर्चमधले सभासद ओढून आणलेली वाढ ही वाढ नाही.

१९. मिशनरीकडूनच गैरवर्तन झालं तर काय करायचं?

पैशाचा असो, शरीराचा असो किंवा छळाचा, गुन्हा असेल तर आधी पोलिसांकडे जावं. ‘सुवार्तेची बदनामी होईल’ म्हणून गप्प बसायला सांगणारा माणूस पीडितापेक्षा संस्थेची काळजी करत असतो. पाठवणाऱ्या मंडळीने त्या सेवकाला चौकशी होईपर्यंत कामावरून बाजूला ठेवावं, दुसऱ्या गावी बदली करू नये. चौकशी बाहेरच्या माणसांकडून व्हावी. तक्रार करणाऱ्याला मदत, शिक्षण किंवा उपचार मिळत असतील, तर ते या काळात एक दिवसही थांबू नयेत. आणि कुणाकडे तक्रार करायची, त्याचं नाव आणि फोन नंबर स्थानिक भाषेत दवाखान्याच्या, शाळेच्या आणि प्रार्थनाघराच्या दारावर पहिल्या दिवसापासून लावलेला असावा.